बेडकाला इंजेक्शन

माझ्या गॅरेजच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारच्या चारचाकी गाड्या खात्रीने दुरुस्त होतील. प्रोप्रा. बी.एस्सी.’ नावच नाही. पेंटरला जागा कमी पडली, तेव्हा त्याने नाव गाळलं आणि पदवी ठेवली. मीही काही बोललो नाही. आमच्या खानदानात नावं बरीच होऊन गेली होती, पदवी पहिलीच होती.

एक दिवस सकाळी गॅरेज उघडायला गेलो तर पाटीखाली भिंतीवर खडूने लिहिलेलं, ‘बेडूक सोडून’. अक्षर चौथी पास माणसाचं होतं. म्हणजे बबनभाऊचं.

बबनभाऊ माझा भागीदार. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, सगळं शिक्षण ट्रकखाली उताणं पडून झालेलं. मला तो नावाने कधी हाक मारत नसे. ‘बीएस्सी’ म्हणायचा. ‘ए बीएस्सी, तेरा-चौदाचा पाना दे.’ पदवीचा इतका रोजचा उपयोग दुसऱ्या कोणाला झाला असेल असं वाटत नाही. वडील आमच्या सिंदी गावातल्याच एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, रेच्यावर कामाला. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. मी वर्ध्याला जाऊन-येऊन फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी जिनात पेढे वाटले होते. पुढे मी स्टेशन रोडला गॅरेज टाकलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “मंग ते पेढे काऊन वाटले म्या?”

त्याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होतो. बेडकात सापडेल असं वाटलं होतं.

बेडूक म्हणजे नंदूशेठची गाडी. नंदूशेठ कापसाचे व्यापारी, वडील कामाला होते त्या जिनाचे मालक. त्यांच्या वडिलांनी, मोठ्या शेठनी, मायदेशी परत निघालेल्या एका जर्मन साहेबाकडून ही गाडी घेतली होती. पाठ गोल, डोळे बाहेर आलेले, रंग हिरवा. सिंदीच्या लोकांनी दुसरं काय नाव ठेवलं असतं? इंजिन मागे, सामानाची पेटी पुढे. रेडिएटर नाही. आपल्या गाड्यांत इंजिन थंड ठेवायला पाणी फिरतं. बेडकात पाण्याचा थेंब नाही. एक मोठा पंखा बाहेरची हवा ओढतो, पत्र्याच्या बंद घरातून ती खाली ढकलतो, आणि ती चार सिलिंडरांच्या अंगावरून जाते. बस्स. पाणी बघायला पुढचं झाकण उघडून आत स्टेपनी पाहून दचकलेले ड्रायव्हर मी स्वतः पाहिले आहेत.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

आमच्याकडे कापसाचा हंगाम दसऱ्याच्या मुहूर्ताने सुरू होतो. जिनात पूजा होते, नारळ फुटतो, आणि नव्या कापसाची पहिली मूठ रेच्याच्या तोंडात जाते. यंत्राने ती मूठ ओढून घेतली की हंगाम लागला. लहानपणापासून वडिलांच्या खांद्यावर बसून मी हे पाहत आलोय. नंदूशेठच्या घरी त्यापुढे अजून एक रीत होती. त्याच कापसातला थोडा एका पांढऱ्या फडक्यात बांधून, गाडीपुढेही एक नारळ फोडून, बेडकातून केळझरच्या गणपतीला न्यायचा. मोठे शेठ असताना ते स्वतः चालवत, शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे नंदूशेठच्या आई, मांजी. मोठे शेठ गेल्यावर नंदूशेठ चालवू लागले आणि मांजी मांडीवर गाठोडं घेऊन मागच्या सीटवर बसू लागल्या.

मोठे शेठ गेल्यावर दोन वर्षं गाडी ठीक चालली. तिसऱ्या वर्षी केळझरच्या अलीकडच्या चढावर बसली. चौथ्या वर्षी त्याच चढावर पुन्हा बसली, आणि या वेळी तिला एका शेतकऱ्याच्या बैलजोडीने देवळापर्यंत ओढत नेलं. रस्त्यावरची पोरं ‘बैल बेडूक ओढून राह्यले’ म्हणून मागे धावत होती. मांजी आत ताठ बसून होत्या, गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून, जणू बैलांनीच जायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी नंदूशेठ गॅरेजला आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“मिस्त्री, आता लई झालं. नागपूरचा एक हॉटेलवाला मागं लागला हाये. त्याले लॉनवर ठेवाची हाये बेडूक. इंजिन काढून त्यात फुलझाडं लावतो म्हणते.”

“शेठ, थांबा ना.”

“मी थांबतो. पण पुढच्या दसऱ्याले केळझरले आपल्या पायानं नाई पोचली, तं देऊन टाकतो. अन् मांजीले तू सांगजो.”

मांजींना कोणी काही सांगायचं म्हटलं की सगळ्यांना माझी पदवी आठवायची.

गाडीचा आजार असा होता. सकाळी झकास सुरू होते. आठ-दहा किलोमीटर चालते. मग ओढ कमी होते, चढ आला की धापा टाकते, आणि बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. ही लक्षणं मी पुस्तकात वाचली होती. विदर्भातल्या ऑक्टोबरात इंजिनाजवळच्या नळीतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं ठेवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नंदूशेठ स्टेपनीत हवा भरायला विसरत, पण डिकीत ओली फडकी ठेवायला विसरत नसत.

निदान पक्कं झालं. माझं निदान नेहमी पक्कंच असे. मी म्हटलं, या गाडीचा कारबोरेटर काढून इंजेक्शन बसवायचं.

ज्यांना गाडीशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारबोरेटर म्हणजे लग्नाचा आचारी. हवा आली की मुठीने पेट्रोल टाकतो, चव साधली तर साधली. इंजेक्शन म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. हवा किती, इंजिन किती गरम, फिरतंय किती जोरात, हे सगळं एक डबा बघतो आणि थेंब मोजून पेट्रोल सोडतो. शिवाय त्याचा पंप विजेवर चालतो, टाकीजवळ थंड जागी बसतो आणि नळीत एवढा दाब ठेवतो की पेट्रोल उकळायचं विसरून जातं. मी ठरवलेल्या रोगावर रामबाण. नव्या गाड्यांत तेव्हा इंजेक्शन येऊ लागलंच होतं. पण जुन्या बेडकाला ते मागाहून बसवणं म्हणजे आजोबांना कवळी बसवण्यासारखं. माप त्यांच्याच तोंडाचं पाहिजे.

मी वर्ध्याच्या सायबर कॅफेत रविवार रविवार घालवले. अमेरिकेत या गाड्यांचे वेडे लोक होते आणि त्यांच्यासाठी इंजेक्शनचे संच विकणाऱ्या कंपन्या होत्या. मी कागदच्या कागद छापून आणले आणि बबनभाऊच्या समोर पसरले. त्याने त्यावर आधी भजे ठेवले, मग ते बाजूला करून चित्रं पाहिली.

पहिला प्रकार होता दोन तोंडांचा. इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूला हवेची वेगवेगळी तोंडं, प्रत्येकाला वेगळी झडप. ताकद भरपूर, पण दोन्ही झडपा केसाच्या फरकाने सारख्या उघडल्या पाहिजेत, नाहीतर इंजिन लंगडतं.

“हे कोणासाठी हाये?” बबनभाऊने विचारलं.

“शर्यतीसाठी.”

“मांजीले शर्यतीत पाठवाचं हाये का तुले?”

दुसरा प्रकार स्वतः जोडायचा. सर्किटची मोकळी पाटी आणि पुड्यांतले सुटे भाग यायचे. ते कथलाचा डाग देऊन जोडायचे आणि तो डबा घरीच बनवायचा. मला हाच आवडला होता. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे हात शिवशिवत होते. पण बबनभाऊ म्हणाला, “तू कॉलेजात असतानी रेडिओ जोडला होता. तुया बाप सांगे. त्याले आजून नागपूर लागत नाई.” हा मुद्दा मला मान्य करावा लागला.

तिसरा प्रकार साधा. कारबोरेटर काढायचा आणि त्याच्याच खुर्चीवर बसणारं एक तोंड बसवायचं. जुन्या नळ्या तशाच राहतात, डबा सीलबंद येतो. मी हा निवडला, पण डोळे मिटून नाही. चार गोष्टी तपासल्या, आणि आजही कोणी विचारलं तर याच चार सांगतो. उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी घालायला जागा आहे का? पंप आपल्याकडे मिळणाऱ्या दुसऱ्या गाडीचा बसतो का? कारण तो बिघडला तर अमेरिकेकडे बघत बसावं लागेल. धुराच्या नळीतला, पेट्रोल नीट जळतंय का ते बघणारा सेन्सर बंद करून डब्यात आधीच भरलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर गाडी चालते का? कारण आपल्या पंपावरच्या पेट्रोलात रॉकेल किती असेल हे पंपवालाही छातीठोक सांगू शकत नाही, आणि तो सेन्सर असल्या पेट्रोलाने महिनाभरात आंधळा होतो. आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण पेट्रोल मात्र कधी शुद्धीत नसायचं.

आणि चौथी, वीज पुरते का?

इथे मी थांबतो, कारण माझी चूक इथे आहे. त्या कागदांत स्पष्ट लिहिलं होतं की जुना डायनामो काढून नवा जास्त ताकदीचा बसवला तर उत्तम. पण बेडकाच्या डायनामोच्या दांड्यावरच तो थंड करणारा पंखा बसलेला असतो. डायनामो काढायचा म्हणजे पंखा काढायचा, पत्र्याचं घर उचलायचं. दिवसभराचं काम. मी मीटर लावून वीज मोजली आणि म्हटलं, “पुरते. दिवसा चालवाची हाये, दिवे कशाले लागते? पत्रा राहू दे.”

बबनभाऊ म्हणाला, “उघडून तं पाहू एकडाव.”

मी म्हणालो, “काम माहीत असलं की उघडावं लागत नाई.”

हे वाक्य मी पदवी असलेल्या माणसाच्या आवाजात बोललो होतो. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

नंदूशेठचा अमेरिकेतला भाचा उन्हाळ्यात घरी आला तेव्हा सूटकेसमध्ये साड्यांच्या घड्यांत गुंडाळून संच घेऊन आला. आम्ही तो पावसाळाभर बसवला. एक बारीक सेन्सर इंजिनाच्या डोक्यालाच लावायचा होता, प्लगजवळ. पाण्याच्या गाडीत पाण्याची उष्णता मोजतात. इथे पाणी नाही, म्हणून डोकंच मोजायचं. कागदात लिहिलं होतं, तीन नंबरच्या सिलिंडरला लावा. कारण तीन नंबर हे या इंजिनातलं सुनेचं पान. हवेच्या वाटेत आधी तेल थंड करणारी जाळी बसते, ती खाऊन उरलेली हवा याच्या वाट्याला येते. म्हणून तापलं तर आधी हेच तापतं. डॅशबोर्डवर एक छोटा पडदा लावला. त्यावर तीन नंबरच्या डोक्याची उष्णता आकड्यात दिसायची.

गावात बातमी पसरली. रोहण्याचा एक शेतकरी जीप घेऊन आला आणि म्हणाला, “तुमी गाडीले इंजेक्शन देता म्हणे. माया जीपले बी एक द्या, दोन महिने झाले धूर खोकून राह्यली.” मांजींनी माणसाबरोबर निरोप पाठवला, सुई कुठे टोचता ते दाखवायला या. मी जाऊन समजावून सांगितलं. त्यांनी शांत ऐकलं आणि विचारलं, “आन् पोट साफ हाये का तिचं?”

मी हसलो. मोठं माणूस काहीतरी बोलतं, आपण हसावं.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी पहिली चाचणी. मी चालवत होतो, बबनभाऊ शेजारी. गाडी काय सुरू झाली म्हणून सांगू! किल्ली फिरवली आणि पहिल्याच ठोक्याला. ओढ अशी की बबनभाऊने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. सिंदीच्या बाहेर आलो, आठ किलोमीटर झाले, दहा झाले. पेट्रोलचा दाब एकसारखा. मी म्हणालो, “पाह्य बबनभाऊ, याले शिक्षण म्हणते.”

तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “याले काय म्हणते?”

आकडा दोनशेच्या वर गेला होता आणि वरच चालला होता. केळझरचा चढ लागला. गाडी तिथेच बसली. त्याच दगडाजवळ. बैलजोडीवाला शेतकरी बांधावर उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि न विचारता बैल सोडायला निघाला.

मी म्हटलं, सेन्सर खराब आहे.

पुढचे दोन दिवस मी सेन्सर खराब आहे हे सिद्ध करण्यात घालवले. काढून उकळत्या पाण्यात धरला, बरोबर शंभर दाखवलं. मी म्हटलं, पाण्यात बरोबर, लोखंडावर चूक. सायबर कॅफेत जाऊन कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोनच ओळींचं. सेन्सर ठीक वाटतो. तुमच्या थंड हवेचा मार्ग मोकळा आहे ना, ते पत्रा उघडून पाहिलंत का?

मला राग आला. हे मला विचारतात! मी ते पत्र बबनभाऊला मराठीत वाचून दाखवलं, त्याने माझ्या बाजूने रागवावं म्हणून.

तो हात पुसत म्हणाला, “बीएस्सी, यंत्र खोटं नाई बोलून राह्यलं. तू बोलून राह्यला. मायाशी नाई, सोताशी.” आणि त्याने दहाचा पाना उचलला.

पत्र्याचं घर उचललं तेव्हा दसऱ्याला तीन दिवस होते.

आत कापूस होता.

थोडाथोडका नाही. तेलाच्या जाळीवर गादीसारखा दाबून बसलेला, सिलिंडरांच्या पात्यांमध्ये मेणासारखा चिकटलेला, तीन नंबरच्या बाजूला तर बोट जायला जागा नव्हती. वरचा थर अजून पांढरा, खालचे तपकिरी, अगदी तळचा भाजलेल्या पापडासारखा काळा. ही गाडी पेटली कशी नाही, याचं उत्तर फिजिक्सकडे नाही. केळझरच्या गणपतीकडे असेल. माझं पेट्रोल नळीत कधी उकळलंच नव्हतं. इंजिनाचा श्वास कोंडला होता आणि मी त्याला वर्षभर पौष्टिक आहार शोधत होतो.

“उंदीर,” मी म्हणालो. “जिनातून कापूस आणून घर केलं.”

बबनभाऊने स्क्रू ड्रायव्हरने थर उचकटला. त्यातून एक पान निघालं. वाळलेलं, एका कडेने फाटलेलं, पण दोन जुळ्या पाळ्यांचं. खालच्या थरातून दुसरं निघालं. त्याखाली तिसऱ्याचा तुकडा, काळा पडलेला.

“आपट्याचं पान हाये,” तो म्हणाला. “उंदीर दसऱ्याले सोनं वाटते का बे?”

नंदूशेठना बोलावलं. त्यांनी कापूस पाहिला, पानं पाहिली आणि जिनातल्या स्टुलावर बसतात तसे टायरवर बसले. मग म्हणाले, “चाल मायासंगं.”

मांजी ओसरीवर वाती वळत होत्या. नंदूशेठनी रुमालातली पानं त्यांच्यासमोर ठेवली. “मांजी, हे बेडकात निंगालं. कापूस बी.”

मांजींनी पानं ओळखली. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता. उलट, नैवेद्य पोचल्याची बातमी यावी तसं त्यांनी विचारलं, “चार हायेत का?”

“तीन सापडले.”

“चौथं जळलं आसंल.” त्यांनी वात खाली ठेवली. “तुये बाबूजी गेले त्या सालापासून घालते मी. समदे गाडीसमोर नारळ फोडत राह्यतात. मी मागं जाते. गाडी चालू ठेवलेली राह्यते ना, तं तिथं मागं, गोल भोकापाशी हात नेला की वढून घेते. पाह्यलं नाई का तू? रेचा घेते तशीच. हातातून वढून घेते, भूक लागल्यावानी.”

मी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं. खरंच ओढून घेतला असेल. पंख्याचं कामच ते. चार वर्षं, दर दसऱ्याला, नव्या कापसाची एक भरघोस मूठ आणि एक आपट्याचं पान. त्यांनी हात पुढे केला आणि यंत्राने घेतला. देव यापेक्षा जास्त स्पष्ट काय सांगणार?

त्या पूजेला मी दरवर्षी हजर होतो. समोरच्या बाजूला. पेढा खात.

नंदूशेठ म्हणाले, “पण मांजी, मागून काऊन? अन् कोणाले न सांगता?”

मांजींनी पुन्हा वात हातात घेतली. “समोर कोण उभं राहू देते मले? पहिल्या साली ताट उचलाले गेली तं तुया बायकोनं ताट वढून घेतलं. बोलली नाई काई. नुसतं वढून घेतलं. तिचं बी बरोबरच हाये, रीतच हाये ती. नवरा मेलेल्या बाईनं मुहूर्ताच्या ताटाले हात लावाचा नाई. मंग मी म्हटलं, मागून तं कोणी पाहत नाई.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

मग मांजी माझ्याकडे वळल्या. “अन् तू रे? वरीसभर अमेरिकेचं औषध घालून राह्यला तिच्या नाकात. म्या इचारलं होतं ना, पोट साफ हाये का म्हणून?”

“विचारलं होतं मांजी.”

“हासला होतास.”

“हो.”

“डाक्टरायले बी असंच हासाची सवय राह्यते.”

परत येताना नंदूशेठनी रस्त्यात विचारलं, “म्हणजे मिस्त्री, कापूस काढला असता तं जुना कारबोरेटरच चालला असता?”

हो म्हणायला मला स्टेशन रोड संपेपर्यंत वेळ लागला. पण म्हणालो. नाही म्हणता आलं असतं, आणि त्यांना कळलंही नसतं. पण बबनभाऊला कळलं असतं, आणि भिंतीवर खडूला जागा भरपूर होती. एवढं मात्र मी जोडलं, आणि आजही जोडतो, की तो आकडा वर चढताना दिसला नसता तर आम्ही पत्रा उघडला नसता, आणि कधीतरी त्या वाळलेल्या कापसाने पेट घेतला असता आणि गाडीसकट मांजीही गेल्या असत्या. कारबोरेटरने काही सांगितलं नसतं. आचारी कधी सांगत नाही.

तीन दिवसांत इंजिन खोललं, पाती चिमट्याने आणि ब्रशने साफ केली. डायनामोही नवा बसवला, कारण पत्रा उघडलाच होता, आता न बसवायला कारण उरलं नव्हतं. पंख्याच्या तोंडावर जाळी लावली. जाळी लावताना बबनभाऊ म्हणाला, “मांजीचं तोंड बांधून राह्यला का?” मी ती जाळी लावली तरी मनातून मला ते बरं वाटत नव्हतं.

दसऱ्याला जिनात गर्दी होती. वडील निवृत्त झाले होते, तरी मुहूर्ताला धुवट टोपी घालून आले होते. नंदूशेठची बायको ताट घेऊन रेच्यापुढे उभी. मंत्र झाले, नारळ फुटला. मग नंदूशेठनी बायकोच्या हातातलं ताट घेतलं, गर्दीच्या मागे खांबाशी उभ्या असलेल्या मांजींपर्यंत चालत गेले आणि ताट त्यांच्या हातात दिलं. भटजी पुढचा मंत्र म्हणता म्हणता थांबले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, “असं नाई करत.” नंदूशेठ म्हणाले, “चार सालापासून करून राह्यली ते. मागून. आता समोरून करन.” नंतर त्यांच्या बायकोने स्वतःच पुढे होऊन रेच्याची वाट मोकळी केली. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यात अवघड काम तिनेच केलं.

मांजी पुढे आल्या. कापसाची मूठ उचलली, त्यावर आपट्याचं पान ठेवलं. माझ्या वडिलांनी खटका दाबला, रेचा फिरू लागला. मांजींनी हात पुढे केला. यंत्राने मूठ ओढून घेतली.

मग त्या बेडकात येऊन बसल्या. मी चालवत होतो, कारण नंदूशेठना आपण रडतोय हे लोकांना दिसू द्यायचं नव्हतं. गाडी सुरू करायच्या आधी मांजींनी मागे वळून इंजिनाच्या दिशेने सांगितलं, “आज तुले उपास हाये बाई.”

सिंदी मागे पडलं. आकडा दीडशेच्या आसपास रेंगाळत राहिला. चढ आला. तो दगड आला. बैलजोडीवाला बांधावर बैल जुंपून तयार उभा होता, आणि आम्ही त्याच्यापुढून वर निघून गेलो. त्याचा चेहरा थोडा उतरला. केळझरला देवळाच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा मांजींनी गाठोडं उचललं आणि मला म्हणाल्या, “पोरा, तुयं औषध बी कामी आलं बरं. म्या नाव ठेवलं तरी.” माझ्या आयुष्यात पदवीदान समारंभ दोनदा झाला. हा दुसरा.

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे कापूस काढला तवा चालली. हे तं आमी जिनात रोज करतो.” आणि थोड्या वेळाने, तंबाखू मळत, “पण आकडा दाखवणारं यंत्र बरं हाये. आमाले हात भाजून कळे.”

गाडी नागपूरच्या लॉनवर गेली नाही. मांजी त्यानंतर सात दसरे केळझरला गेल्या, सातही वेळा बेडकाच्या स्वतःच्या पायांनी. हॉटेलवाल्याने दुसरी कोणतीतरी गाडी शोधून तिच्यात मोगरा लावला, असं ऐकलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅरेज उघडलं तर पाटीखालचं ‘बेडूक सोडून’ पुसलेलं होतं. त्याच जागी, त्याच चौथी पास अक्षरात, नवीन मजकूर होता. आता वाचताना पूर्ण पाटी अशी लागायची: ‘सर्व प्रकारच्या चारचाकी गाड्या खात्रीने दुरुस्त होतील. प्रोप्रा. बी.एस्सी. मांजीले इचारून.’

मी ते पुसलं नाही. पुढे दोनदा पाटी रंगवून घेतली, आणि दोन्ही वेळा पेंटरला म्हटलं, जागा कमी पडली तर बी.एस्सी. गाळ, खालचं ठेव.